प्रवाळांसाठी पैसे: कोण देतो, कशाचे देतो

7 ऑक्टोबर 2020 रोजी डेल्टा हे चक्रीवादळ मेक्सिकोच्या किंताना रो राज्यात, पुएर्तो मोरेलोस या गावाजवळ किनाऱ्यावर आदळले. वादळ ओसरल्यावर जी कामे नेहमी निघतात ती निघालीच: पडलेली झाडे, उडालेली छपरे, पुळणीवर येऊन पडलेला कचरा. या वेळी मात्र पाणबुड्यांच्या तुकड्या समुद्रातही उतरल्या. त्यांत कोळी होते, पर्यटकांना पाणी दाखवणारे वाटाडे होते, उद्यानाचे कर्मचारी होते. उलथलेल्या प्रवाळांच्या वसाहती सरळ करायच्या, तुटलेले तुकडे वेचायचे, जगण्याजोगे असतील ते सिमेंटने पुन्हा खडकाला चिकटवायचे, हे त्यांचे काम. उपड्या पडलेल्या प्रवाळाचा प्रकाश तुटतो, वर वाळू बसते आणि काही आठवड्यांत तो मरतो, म्हणून घाई महत्त्वाची. सुमारे 1,200 मोठ्या वसाहती त्यांनी पुन्हा बसवल्या, 8,000हून अधिक तुकडे रोवले. आणि प्रवाळांच्या दुरुस्तीसाठी जगात पहिल्यांदाच विम्याची भरपाई मिळाली. रक्कम सुमारे 8 लाख डॉलर.

प्रवाळांना अर्थकारण कसे वाचवू शकते हे सांगताना गेली काही वर्षे हीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली जाते. गोष्ट खरी आहे, आणि सांगितली जाते तितकी सरळ नाही. विमा, पर्यटन कर, कर्जाची अदलाबदल, दंड, कंपन्यांच्या देणग्या असे जे जे मार्ग आजवर वापरून पाहिले गेले, त्या सगळ्यांना लागू पडणारा एक प्रश्न या गोष्टीत दडलेला आहे. पैसे देणारा नेमके कशाचे पैसे देतो? व्यवहार म्हटला की माप आले. वाऱ्याचा वेग, पर्यटकांची संख्या, नायट्रोजनचे किलो, लावलेल्या तुकड्यांचा आकडा. माप ज्याचे धरले जाते तेच काम होते, आणि प्रवाळभित्तीच्या वाट्याला त्यातला जेवढा भाग येईल तेवढा येतो.

किंताना रोचेच पाहू. कानकुन आणि त्याच्या दक्षिणेचा किनारा हॉटेलांनी भरलेला आहे, आणि हॉटेलांचे सारे भांडवल म्हणजे समोरची पांढरी वाळू. 2005 साली विल्मा वादळाने ती वाळू ओढून नेली तेव्हा या धंद्याला धडकी भरली. समुद्रातली प्रवाळभित्ती शाबूत असेल तर लाटेची बरीचशी ताकद किनाऱ्यावर पोचण्याआधीच मोडते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने हे प्रमाण सरासरी 97 टक्के काढले होते. म्हणजे पैसे देण्याचे कारण असलेला, आणि पैसे असलेला, एक गट किनाऱ्यावरच बसलेला होता. 2018 मध्ये राज्य सरकारने किनारा व्यवस्थापनासाठी एक न्यास उभा केला. किनारपट्टी वापरल्याबद्दल हॉटेले जो कर भरतात त्यातून न्यासात पैसे येण्याची सोय झाली. नेचर कॉन्झर्व्हन्सी ही अमेरिकी संस्था आणि स्विस री ही पुनर्विमा कंपनी यांनी विम्याची आखणी केली, आणि 2019 मध्ये न्यासाने सुमारे 160 किलोमीटर किनाऱ्यासाठी पहिली पॉलिसी घेतली.

या पॉलिसीत नुकसानीचा पंचनामा नाही. ठरवून दिलेल्या समुद्री पट्ट्यात वाऱ्याचा वेग 100 नॉटच्या वर गेला की भरपाई लागू होते. खाली एक प्रवाळ तुटला की दहा हजार, हे कोणी विचारत नाही. कोकणातल्या आंबा-काजू बागायतदाराला हे समजावून सांगावे लागणार नाही. हवामानावर आधारित फळपीक विम्याचा ‘ट्रिगर’ हा तसाच चालतो: बागेत काय झाले यापेक्षा महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पारा कुठे गेला होता, यावर पैसे ठरतात. फायदा असा की पैसे लवकर येतात, वाद कमी होतात. तोटाही तोच जो बागायतदार दरवर्षी बोलून दाखवतो. मोहोर गळला, पण केंद्राच्या नोंदीत काही नाही, तर हातात काही नाही.

प्रवाळांच्या बाबतीत ही फट फार मोठी ठरली. विम्याची तयारी चालू असतानाच, 2018 च्या उन्हाळ्यात, किंताना रोच्या पाण्यात एका नव्या रोगाने शिरकाव केला. दगडी प्रवाळांची जिवंत त्वचा खरवडून काढल्यासारखी नाहीशी करणारा हा रोग त्याआधी चार वर्षे फ्लोरिडात धुमाकूळ घालत होता. मेक्सिकोच्या कॅरिबियन किनाऱ्यावर त्याने अनेक जातींचे प्रवाळ झपाट्याने मारले. त्यावर पॉलिसी गप्प होती. रोगाला नॉट नसतात. याच किनाऱ्याखालचा चुनखडी खडक सच्छिद्र आहे, त्यामुळे हॉटेलांचे आणि शहरांचे सांडपाणी जमिनीखालून वाट काढत समुद्राला मिळते. ते पाणी प्रवाळांना रोज थोडे थोडे मारत असते. तेही कोणत्याच ट्रिगरमध्ये बसत नाही. वादळाचा विमा काढायला हॉटेले राजी होतात, सांडपाण्याच्या नळाचा खर्च उचलायला तितकी होत नाहीत. यात कोणाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. वाळूची काळजी सगळ्यांना आहे, नळाची जबाबदारी कोणा एकाची नाही.

हा नमुना पुढे पसरला. ग्वाटेमाला, होंडुरास, बेलिझ आणि मेक्सिको या चार देशांतून जाणाऱ्या मेसोअमेरिकन प्रवाळभित्तीसाठी एका प्रादेशिक निधीने असाच विमा घेतला, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये लिसा वादळानंतर बेलिझच्या टर्नेफ कंकणद्वीपासाठी त्यातून 1 लाख 75 हजार डॉलर मिळाले. त्याच महिन्यात हवाईसाठीही पॉलिसी निघाली: ट्रिगर 50 नॉट, हप्ता 1 लाख 10 हजार डॉलर, जास्तीत जास्त भरपाई 20 लाख. पण हवाईची पॉलिसी घेतली ती स्वतः नेचर कॉन्झर्व्हन्सीने. किनाऱ्यावरच्या हॉटेलवाल्याने घेतली नाही. म्हणजे लाभ ज्याचा त्याने हप्ता भरायचा, हे ज्या कल्पनेचे मर्म, तेच तिथे उरले नाही. दात्यांच्या पैशातून घेतलेला विमा म्हणजे वादळाच्या दिवसापर्यंत राखून ठेवलेले दान. वाईट काही नाही, पण त्याला बाजाराचे यश म्हणू नये.

आता मूळ अडचणीकडे. प्रवाळभित्तीने जगाच्या समुद्रतळाचा एक टक्काही भाग व्यापलेला नाही, पण समुद्री जीवजातींपैकी सुमारे चौथा हिस्सा आयुष्यात कधी ना कधी तिच्या आधाराने राहतो. तिच्यावर मासेमारी जगते, पर्यटन जगते (2017 च्या एका अंदाजाप्रमाणे वर्षाला 36 अब्ज डॉलर), किनारे वाचतात. 2018 मधल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की जगभरच्या भित्तींची उंची फक्त वरून एक मीटर कमी झाली, तरी किनारी पुराचे वार्षिक नुकसान दुप्पट होईल, म्हणजे सुमारे 4 अब्ज डॉलरने वाढेल. ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट बॅरिअर रीफची एकूण किंमत डेलॉइट या सल्लागार कंपनीने 2017 मध्ये 56 अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर ठरवली होती, आणि तिच्यावर 64,000 रोजगार अवलंबून असल्याचे सांगितले होते.

असे आकडे ऐकले की वाटते, एवढी मौल्यवान वस्तू, तिच्यासाठी पैसे उभे करायला वेळ तो काय! पण हे आकडे कसे येतात तेही पाहायला हवे. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉस्टान्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निसर्गाच्या सेवांना किंमत लावणारा जो प्रसिद्ध अभ्यास केला, त्याच्या 1997 च्या आवृत्तीत एक हेक्टर प्रवाळभित्तीची वार्षिक किंमत, महागाई धरून, सुमारे 8,400 डॉलर होती. 2014 च्या आवृत्तीत तीच 3 लाख 52 हजार झाली. चाळीस पटींहून अधिक! दरम्यान समुद्रातले प्रवाळ सुधारले नव्हते, उलट घटले होते. वाढले ते किनारा रक्षणाचे आणि पर्यटनाचे अभ्यास. मोठ्या परिषदांत असा आकडा टाळ्या मिळवतो. त्यावर कर्ज मिळत नाही, कारण किंमत असणे वेगळे आणि कोणीतरी ती खिशातून देणे वेगळे. लाटा मोडण्याचे बिल प्रवाळभित्ती कोणाला पाठवत नाही, आणि ज्याने दिले नाही त्याच्या दारातही ती लाटा मोडतेच.

जंगलांना या अडचणीतून निदान एक वाट मिळाली आहे ती कार्बनची. झाड कर्बवायू शोषते, त्याचे टन मोजता येतात, टन विकता येतात. खारफुटीलाही ते जमते. किनारी भागात सध्या जो पैसा येतो आहे त्यातला बराच खारफुटीकडे वळतो तो यामुळेच. प्रवाळांची इथे पंचाईत होते. प्रवाळ आपला चुनखडीचा सांगाडा बांधतो तेव्हा त्या रासायनिक क्रियेत कर्बवायू शोषला न जाता उलट सुटतो. त्यामुळे निरोगी प्रवाळभित्तीच्या नावावर कार्बन क्रेडिट लिहिता येत नाही. हवामानाच्या संकटाचा सर्वांत आधीचा बळी, आणि हवामानाच्या बाजारात त्याला जागा नाही.

मग उरतो तो सर्वांत जुना मार्ग: पाहायला येणाऱ्याकडून घ्या. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाने 1979 मध्ये भोवतालचा समुद्र उद्यान म्हणून राखीव केला, पण बाहेरची मदत संपल्यावर उद्यान कागदावरच राहिले. 1992 पासून तिथे प्रत्येक पाणबुड्या पर्यटकाकडून वर्षाला 10 डॉलर घ्यायला सुरुवात झाली. सुरुवातीला धंदेवाल्यांना भीती होती की गिऱ्हाईक दुसऱ्या बेटावर जाईल. पर्यटकांना विचारले तेव्हा कळले की ते सरासरी 27 डॉलरपर्यंत द्यायला तयार होते! उद्यान त्या पैशांवर चालू लागले: बोटींसाठी कायमचे बोये लागले, नांगर टाकणे बंद झाले, गस्त सुरू झाली. पुढे शुल्क अनेक पट वाढले आणि पर्यटक येतच राहिले. पैसे सरकारी तिजोरीत न जाता उद्यान चालवणाऱ्या स्थानिक संस्थेकडे गेले, हा त्यातला सर्वांत महत्त्वाचा तपशील, आणि नक्कल करणारे नेमका तोच विसरतात. ग्रेट बॅरिअर रीफवर 1993 पासून प्रत्येक पर्यटकामागे दिवसाला शुल्क घेतले जाते. पलाऊ या छोट्या द्वीपराष्ट्रात 2018 पासून विमानाच्या तिकिटातच 100 डॉलर पर्यावरण शुल्क जोडलेले असते.

झांझिबारजवळच्या चुंबे बेटाची तऱ्हा निराळी. 1990 च्या दशकात तिथल्या सरकारने प्रवाळभित्तीचा एक छोटा तुकडा एका खासगी संस्थेला सांभाळायला दिला. मोजक्या झोपड्यांचे पर्यटक निवास, त्याच्या उत्पन्नातून पहारा आणि शाळकरी मुलांसाठी निसर्गशिक्षण. आधी त्याच पाण्यात मासे धरणारे कोळी पहारेकरी म्हणून नेमले गेले. तीस वर्षे हे चालले आहे. जगातल्या बहुतेक सरकारी समुद्री उद्यानांना हे सांगता येणार नाही.

पर्यटनाच्या पैशाचे दोन दोष मात्र लपत नाहीत. तो पैसा जिथे विमानतळ आहे तिथे जातो. दूरच्या निरोगी भित्तीला कोणी तिकीट काढत नाही. आणि 2020 मध्ये विमाने थांबली तेव्हा पहाऱ्याचे पगारही थांबायची वेळ आली. बोनेअरच्या पाण्यात 2023 मध्ये तोच त्वचा खाणारा रोग पोचला. इतकी वर्षे नीट सांभाळलेले उद्यान, पण शुल्काच्या पावतीवर रोगाचे नाव कुठे असते?

मोठ्या रकमा हव्या असतील तर देशांच्या कर्जाकडे पाहावे लागते. सेशेल्सने 2016 मध्ये आपल्या परदेशी कर्जातले सुमारे 2 कोटी 16 लाख डॉलर सवलतीत बदलून घेतले आणि बदल्यात समुद्राचा 30 टक्के भाग संरक्षित करण्याचे वचन दिले. 2020 मध्ये ते पाळलेही. बेलिझचा 2021 चा व्यवहार याहून कितीतरी मोठा. कोविडने पर्यटन बुडाले होते, देशाच्या डोक्यावर 55 कोटी 30 लाख डॉलरचा एकच मोठा रोखा होता. नेचर कॉन्झर्व्हन्सीच्या मध्यस्थीने आणि क्रेडिट स्वीस बँकेने उभ्या केलेल्या 36 कोटी 40 लाख डॉलरच्या नव्या कर्जातून बेलिझने तो रोखा डॉलरला 55 सेंट या भावाने परत घेतला. अमेरिकी सरकारच्या वित्तसंस्थेने विम्याची हमी दिल्यामुळे नवे कर्ज स्वस्त पडले. देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे 12 टक्क्यांनी उतरले. बदल्यात बेलिझने वीस वर्षांत सुमारे 18 कोटी डॉलर समुद्र संरक्षणावर खर्च करायचे आणि 30 टक्के समुद्र राखीव करायचा, असे ठरले.

या रोख्यांना ‘निळे रोखे’ म्हणतात. नाव ऐकून वाटते की साऱ्या 36 कोटींचे प्रवाळ लागले असतील. तसे नाही. त्या पैशाचा मोठा भाग जुन्या रोखेधारकांना आणि व्यवहाराच्या खर्चात गेला. ठरलेल्या 18 कोटींतला एक भाग बेलिझ आपल्या अंदाजपत्रकातून वर्षाला सुमारे 40 लाख डॉलर असा देत राहणार आहे. टीकाकारांचा आक्षेप इथेच आहे, आणि मला तो रास्त वाटतो. तरीही या व्यवहाराचे एक मोल नाकारता येत नाही. वर्षाला 40 लाख डॉलर वीस वर्षे खात्रीने मिळणे ही संवर्धनाच्या जगात दुर्मीळ गोष्ट आहे. तिथे प्रकल्प तीन वर्षांचे असतात आणि प्रवाळ वर्षाला काही सेंटिमीटर वाढतात. शिवाय वचन मोडले तर आर्थिक दंड करारात लिहिलेला आहे. जुलै 2024 मध्ये अमेरिकेने इंडोनेशियाशी असाच करार केला: साडेतीन कोटी डॉलरचे कर्ज माफ, आणि ते पैसे नऊ वर्षांत प्रवाळांवर. मूळ अमेरिकी कायदा फक्त उष्णकटिबंधीय जंगलांसाठी होता. 2019 मध्ये त्यात प्रवाळ जोडले गेले, त्यानंतरचा हा प्रवाळांसाठीचा पहिला करार.

नुकसान करणाऱ्याकडून वसूल करण्याचा मार्ग तत्त्वतः सर्वांत न्याय्य. 4 ऑगस्ट 1984 रोजी वेलवूड नावाचे 122 मीटर लांबीचे मालवाहू जहाज फ्लोरिडाच्या मोलॅसेस रीफवर चढले आणि निघेपर्यंत खालचा खडक भरडत राहिले. 1986 मध्ये मालकांनी 60 लाख डॉलरहून अधिक रक्कम हप्त्यांनी द्यायचे मान्य केले. भित्तीचा ढासळलेला सांगाडा प्रत्यक्षात दुरुस्त झाला तो 2002 मध्ये. मधल्या वर्षांतल्या वादळांनी जखम आणखी रुंद केली होती. दंड वसूल करण्याची यंत्रणा आणि दुरुस्तीची यंत्रणा वेगवेगळ्या घड्याळांवर चालतात, हे त्या प्रकरणाने दाखवले.

क्वीन्सलंडमधला प्रयोग मला सर्वांत शहाणा वाटतो, आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. ग्रेट बॅरिअर रीफला त्रास देणाऱ्या गोष्टींत उसाच्या शेतांतून वाहून येणारा नायट्रोजन आणि चराऊ रानांतून येणारा गाळ या मोठ्या गोष्टी आहेत. तिथे ‘रीफ क्रेडिट’ ही योजना निघाली: समुद्रात जाणारा एक किलो विरघळलेला नायट्रोजन किंवा 538 किलो बारीक गाळ थांबवला की शेतकऱ्याच्या नावे एक क्रेडिट, आणि ते विकत घेणारा कोणी तरी हवा. 2020 मध्ये पहिले खरेदीदार होते एचएसबीसी बँक आणि क्वीन्सलंड सरकार. उसाला खत किती टाकायचे यावरून इथे कोल्हापूर-सांगलीत जे वाद होतात तेच तिथेही होतात. फरक इतका की न टाकलेल्या खताला भाव मिळाला. या मापात एकही प्रवाळ लावला जात नाही. पण मला विचाराल तर पुनरुज्जीवनाचा पहिला रुपया असाच खर्च व्हायला हवा. घाण पाण्यात रोपण करणे म्हणजे पैसे बुडवणे.

त्याच ऑस्ट्रेलियाने 2018 मध्ये उलटे उदाहरणही घालून दिले. केंद्र सरकारने 44 कोटी 33 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, निविदा न काढता, एका लहानशा खासगी प्रतिष्ठानाला एकाच अनुदानात देऊन टाकले. खासगी देणगीदारांना ते आकर्षित करेल, असा युक्तिवाद होता. देशाच्या महालेखापरीक्षकांनी नंतर या पद्धतीवर ताशेरे ओढले. प्रोत्साहन कोणाला आणि कशासाठी, हे विचारायचे राहूनच गेले होते.

आता खुद्द रोपणाकडे. पुनरुज्जीवनाच्या प्रकल्पांचे जे मोठे आढावे झाले, त्यांतले आकडे डोळे उघडणारे आहेत. एका आढाव्यात खर्चाचा मध्यांक हेक्टरला सुमारे 4 लाख डॉलर निघाला. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या आढाव्याने साडेतीनशेहून अधिक प्रकल्प तपासले: लावलेल्या क्षेत्राचा मध्यांक 100 चौरस मीटर. शंभर चौरस मीटर! सुमारे 60 टक्के प्रकल्पांत निरीक्षण दीड वर्षाच्या आत थांबलेले. त्या काळापुरते प्रवाळांच्या जगण्याचे प्रमाण 60 ते 70 टक्के, म्हणजे चांगलेच. पुढे काय झाले ते पाहायला कोणी नव्हते. देणगीदाराला ‘आम्ही दहा हजार प्रवाळ लावले’ असा फोटो हवा असतो, म्हणून फांद्यांचे, भराभर वाढणारे प्रवाळ लावले जातात. ते उष्णतेला सर्वांत आधी बळी पडणाऱ्यांतही असतात. पाच वर्षांनी किती जिवंत आहेत याचे पैसे देणारा देणगीदार मला फारसा आढळला नाही.

अपवाद आहेत. इंडोनेशियाच्या सुलावेसीजवळ, स्पर्मोंडे द्वीपसमूहात, मार्स या चॉकलेट आणि पाळीव प्राण्यांच्या खाद्याच्या कंपनीने सुरू केलेला प्रकल्प त्यातला एक. सुरुंग लावून मासे मारल्यामुळे तिथला तळ नुसता प्रवाळांच्या चुऱ्याचा झाला होता. चुरा हलत राहतो आणि नवे प्रवाळ त्यावर तग धरत नाहीत. वाळूचा लेप दिलेल्या पोलादी सळ्यांचे सहा पायांचे सांगाडे एकमेकांना बांधून गावकऱ्यांनी ते तळावर पसरले आणि त्यांना तुकडे बांधले. 2021 मध्ये कंपनीने आपल्या मांजर-खाद्याच्या ब्रँडसाठी त्याची जाहिरात केली, आणि यूट्यूबवर त्या चित्रफितीतून मिळणारे उत्पन्न प्रवाळांना जाईल असे जाहीर केले. मांजराच्या जेवणातून प्रवाळ! हसू येते, पण 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिथली भित्ती चार वर्षांत शेजारच्या निरोगी भित्तीइतक्या वेगाने चुनखडी साठवू लागल्याचे दिसले. हे जमले कारण तिथे पाणी बरे होते आणि सुरुंग थांबले होते. बहामात 2019 मध्ये कोरल व्हिटा या कंपनीने जमिनीवरच्या टाक्यांत प्रवाळ वाढवून हॉटेले आणि सरकारांना विकायचे असा धंदा उभारला. 2021 मध्ये तिला दहा लाख पौंडांचा अर्थशॉट पुरस्कार मिळाला. बक्षीस आणि गिऱ्हाईक या दोन गोष्टी निराळ्या असतात, तेव्हा धंदा म्हणून तिचा निकाल अजून लागायचा आहे.

आणि मग उष्णता. अमेरिकेने 2019 मध्ये फ्लोरिडातल्या सात प्रवाळभित्तींसाठी 10 कोटी डॉलरचा पुनरुज्जीवन कार्यक्रम जाहीर केला होता. जुलै 2023 मध्ये तिथल्या मॅनाटी बे या उथळ खाडीत पाण्याचे तापमान 38.4 अंश सेल्सिअस नोंदले गेले. समुद्रातल्या रोपवाटिका वाचवण्यासाठी प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत न्यावे लागले. ज्या दोन शिंगाळ्या प्रवाळजातींवर फ्लोरिडाच्या रोपणाची सारी भिस्त होती, त्या तिथे जवळजवळ संपल्या. परिसंस्थेत काही काम करण्याइतक्याही उरल्या नाहीत, असे शास्त्रज्ञांनी 2025 मध्ये लिहिले. 2024 च्या एप्रिलमध्ये प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली, आणि 2025 पर्यंत जगातल्या सुमारे 84 टक्के प्रवाळक्षेत्राला तशा उष्णतेचा फटका बसला होता. हवामानविषयक आंतरसरकारी समितीचा 2018 चा अंदाज असा की दीड अंश तापमानवाढीला 70 ते 90 टक्के प्रवाळभित्ती जातील, दोन अंशाला 99 टक्क्यांहून अधिक. वर सांगितलेल्या कोणत्याही व्यवहारात पाण्याचे तापमान हे माप नाही. असते तर हप्ता परवडला नसता.

भारतात यातले काय आहे? गुजरातेत मिठापूरला 2008 पासून टाटा केमिकल्स, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि वन विभाग यांचा प्रवाळ प्रकल्प चालू झाला, कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावणारा 2013 चा कायदा येण्याच्या आधी. तिथल्याच समुद्रात 2020 मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने लोखंडी चौकटीत सौम्य वीज सोडून प्रवाळ वाढवण्याचा प्रयोग केला. मन्नारच्या आखातात प्रवाळ दशकानुदशके चुन्यासाठी आणि बांधकामासाठी खणले गेले; ते थांबले प्रोत्साहनाने नव्हे, तर 2001 मध्ये वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आल्याने आणि 2004 च्या त्सुनामीनंतर भित्तीचे मोल लोकांना कळल्याने. आपण प्रोत्साहनांविषयी इतके बोलतो की साधी बंदी किती स्वस्त पडते हे विसरतो.

आपल्याकडचा खरा पैसा येतो तो प्रकल्पांच्या अटींतून. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात 2020 साली वरळी आणि हाजी अली इथल्या 18 प्रवाळ वसाहती उचलून कुलाब्याकडे नेऊन बसवल्या गेल्या. संख्या छोटी होती. ग्रेट निकोबारच्या नियोजित बंदरासाठी मात्र 16,150 वसाहती हलवायच्या आहेत. स्थलांतर हे पुनरुज्जीवन नव्हे. ज्या जागेचे प्रवाळ गेले ती जागा गेलीच. पण हिशेबात दोन्ही एकाच रकान्यात बसतात, आणि ‘हलवता येतात’ एवढे सिद्ध झाले की मंजुरी सोपी होते. प्रोत्साहन उलट्या दिशेने कसे काम करते याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरीकडे सापडत नाही.

सिंधुदुर्गात मालवणचे समुद्री अभयारण्य 1987 पासून आहे, आणि त्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोधही तितकाच जुना. तारकर्ली-मालवणला स्कूबा आणि स्नॉर्कलिंगचा मोठा धंदा उभा राहिला आहे. हरित हवामान निधीने भारताच्या किनारपट्टीसाठी मंजूर केलेल्या 4 कोटी 34 लाख डॉलरच्या मदतीत आंध्र आणि ओडिशाबरोबर महाराष्ट्र आहे, आणि कामांच्या यादीत प्रवाळही आहेत. बोनेअरसारखे शुल्क इथे लावायला हरकत नाही, पण ते स्थानिकांच्या हातात राहील आणि बोये, नांगरबंदी, सांडपाणी यांवर आधी खर्च होईल, अशी अट हवी. ते मुंबईला गेले तर कोळी आणि पाणबुडे दोघेही ते द्यायला नकार देतील, आणि त्यांचे चुकणार नाही.

मात्र विजयदुर्गपासून शंभरावर किलोमीटर आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखले जाणारे आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे, आणि त्यावर या भागातली सर्वांत मोठी प्रवाळवस्ती आहे. त्याच्या मागे एकही हॉटेल नाही, वाचवायला पुळण नाही, सहज पोचणारा पर्यटक नाही. बारा सागरी मैलांच्या पलीकडे असल्यामुळे महाराष्ट्र सरकारची सत्ताही तिथे चालत नाही. विमा, शुल्क, निळे रोखे, रीफ क्रेडिट यांपैकी काहीच तिथवर पोचत नाही. तिथे जो काही खर्च व्हायचा तो केंद्र सरकारच्या तिजोरीतून, आणि त्याच्या बदल्यात दाखवायला गस्तीच्या जहाजाच्या फेऱ्या आणि मासळीचे आकडे यांखेरीज काही असणार नाही.